ग्रीन्सबरोच्या छप्पन्न चुका

1993 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावच्या बेसबॉल मैदानावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा रोज शॉर्टस्टॉपच्या जागी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध, उभा राहत असे. सरळ अंगावर आलेला चेंडू त्याच्या हातून सुटे. सुटला नाही तर पहिल्या बेसकडे केलेली फेक भरकटे. त्या एका हंगामात 126 सामन्यांत त्याच्या नावावर 56 चुका लागल्या. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणातली चूक नुसती हळहळून विसरली जात नाही. ती खेळाडूच्या नावापुढे अधिकृत नोंदीत कायमची लिहिली जाते. त्या मुलाचे नाव डेरेक जीटर. न्यूयॉर्क यँकीजनी त्याला आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर उचलले होते.

यँकीजनी त्याची जागा बदलली नाही. हंगाम संपल्यावर त्याला फ्लोरिडात बोलावले आणि ब्रायन बटरफील्ड या प्रशिक्षकाच्या हाती दिले. पाय कुठे ठेवायचे, चेंडू अंगाजवळ कसा घ्यायचा, फेकण्यापूर्वी खांदा कसा वळवायचा, याचे धडे रोज नव्याने सुरू झाले. पुढे हा मुलगा वीस हंगाम न्यूयॉर्कसाठी त्याच जागी खेळला. उत्तम क्षेत्ररक्षणाचे पाच गोल्ड ग्लव्ह त्याने मिळवले. 2020 साली हॉल ऑफ फेमसाठी त्याची निवड झाली, तेव्हा जवळपास चारशे मतांतले फक्त एक मत त्याच्या बाजूने पडले नव्हते.

या 56 चुका कुठे झाल्या, हे ध्यानात घ्या. त्या न्यूयॉर्कला झाल्या असत्या तर महिनाभरात वर्तमानपत्रांनी आणि प्रेक्षकांनी त्याला घरी बसवले असते. त्या ग्रीन्सबरोला झाल्या. तिथे संध्याकाळी गावातली माणसे पोराबाळांना घेऊन सामन्याला येतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतात. मुलाला आपल्या कामात कच्चे राहण्याची, चुकण्याची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभे राहण्याची मुभा जिथे मिळते, ती जागा म्हणजे मायनर लीग, मोठ्या क्लबांशी जोडलेल्या लहान गावांतल्या संघांची साखळी. गेल्या काही वर्षांत ही जागा मुद्दाम आक्रसली जात आहे. आमच्या मते ही चूक आहे.

दरवर्षी जुलैत ड्राफ्ट होतो. तीस क्लब पाळीपाळीने शाळा-कॉलेजांतले खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीत नाव आलेला मुलगा सूट घालून व्यासपीठावर येतो, टोपी चढवतो, आईवडिलांना मिठी मारतो आणि छायाचित्रे निघतात. बातमी तिथे संपते. त्या मुलाचे काम मात्र तिथून सुरू होते आणि पुढची तीन, चार, कधी सहा वर्षे ते फारसे कुणाला दिसत नाही. अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये निवडलेला खेळाडू त्याच वर्षी मोठ्या संघातून उतरू शकतो. बेसबॉलमध्ये असे क्वचितच घडते, आणि त्याची कारणे खेळातच आहेत.

पिचर ज्या फळीवरून चेंडू टाकतो ती फलंदाजापाशी असलेल्या होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर असते. ताशी 95 मैलांनी, म्हणजे सुमारे 153 किलोमीटर वेगाने आलेला चेंडू साधारण 0.4 सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. तेवढ्यात तो कुठे वळणार आहे, खेळायचा की सोडायचा, हे ठरवून बॅट फिरवावी लागते. शाळेत आणि कॉलेजात मुले धातूची बॅट वापरतात. तिच्या कडेला लागलेला चेंडूही लांब जातो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये बॅट लाकडाची असते. तिथे चेंडू नेमक्या जागी लागला नाही तर बॅट मोडते आणि तळहात झिणझिणतात. कॉलेजच्या हंगामात नियमित सामने 56 असतात, मायनर लीगमध्ये सव्वाशेच्या वर, सर्वात वरच्या मेजर लीगमध्ये 162. मायनर लीगमध्ये आठवड्याला सहा सामने आणि सोमवारी सुटी, म्हणजे बहुधा बसचा प्रवास. शरीर, झोप, खाणे आणि मन या वेळापत्रकाशी जुळवून घ्यायलाच वर्ष जाते.

ड्राफ्टमधून आलेला मुलगा आधी फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनातल्या क्लबच्या आवारात, प्रेक्षकांशिवाय खेळतो. मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवर प्रश्न बदलतो. सिंगल-एचा पिचर जोरात टाकतो, पण कुठे टाकेल ते त्यालाही ठाऊक नसते. तिथे फलंदाजाला धीर शिकावा लागतो. डबल-ए ही खरी चाळण, असे या धंद्यातली माणसे सांगतात. तिथल्या पिचरला फलंदाजाला वेगवान चेंडू हवा आहे हे कळते, आणि नेमका त्याच वेळी तो वळणारा चेंडू टाकतो. नुसत्या ताकदीवर आलेली मुले इथेच अडतात. ट्रिपल-एमध्ये मेजर लीगमधून खाली आलेले तिशीतले पिचर भेटतात. त्यांचा वेग गेलेला असतो, अक्कल गेलेली नसते.

ही व्यवस्था सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी 1920 च्या दशकापासून उभी केली. क्लबापाशी पैसा कमी होता. तयार खेळाडू विकत घेताना श्रीमंत क्लब दरवेळी पुढे जात. रिकींनी ठरवले की घरचे बियाणे घरच्याच वाफ्यात लावायचे. लहान गावांतले संघ त्यांनी विकत घेतले किंवा जोडून घेतले, शेकडो मुलांना थोड्या पैशांत करारात घेतले आणि त्यांतली जी उगवली ती वर नेली. अमेरिकेत या साऱ्याला आजही ‘फार्म’ म्हणतात. रिकींचा हिशेब एका कबुलीवर उभा होता. कोणते बी उगवेल हे पेरताना सांगता येत नाही, म्हणून पुष्कळ पेरायचे.

शंभर वर्षांत निवडीची साधने कितीतरी सुधारली. तरी या कबुलीतून कुणाची सुटका झालेली नाही. 1966 साली पहिल्या क्रमांकाची पाळी न्यूयॉर्क मेट्सची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा खेळाडू, घेतला. दुसऱ्या क्रमांकावर कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सनी रेजी जॅक्सनला घेतले. जॅक्सनने पुढे 563 होमरन मारले. चिलकॉट मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. 1991 साली यँकीजनी ब्रायन टेलर या डावखुऱ्या पिचरला पहिल्या क्रमांकावर घेऊन 15 लाख 50 हजार डॉलर मोजले. 1993 च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत त्याचा खांदा निखळला, आणि तोही कधी वर पोचला नाही. 2013 साली ह्यूस्टनने मार्क अ‍ॅपेलला पहिल्या क्रमांकावर घेतले. दुखापती आणि अपयशाला कंटाळून 2018 मध्ये त्याने खेळ सोडला. तीन वर्षांनी तो परतला आणि 2022 च्या जूनमध्ये, वयाच्या तिशीत, फिलाडेल्फियासाठी पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानावर उभा राहिला. अ‍ॅपेलची आठवण आम्ही अपयशाचा दाखला म्हणून काढत नाही. उशिरा का होईना, पुन्हा चढायला शिडी जागेवर होती म्हणून तो पोचला.

आता रांगेचा शेवट पाहा. 1990 च्या ड्राफ्टमध्ये यँकीजनी बाविसाव्या फेरीत अँडी पेटिट आणि चोविसाव्या फेरीत होर्हे पोसादा यांना घेतले. दोघांनीही लगेच सही केली नाही. आणखी एक वर्ष कॉलेजात काढून ते 1991 मध्ये आले. पोसादा तेव्हा इनफील्डमध्ये खेळे. कॅचर व्हायला तो मायनर लीगमध्ये शिकला, आणि चेंडू अडवताना तिथे त्याने पुष्कळ हाल सोसले. जीटरच्या जोडीने याच दोघांनी पुढे यँकीजला विजेतेपदे मिळवून दिली. माइक पियाझाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. 1988 साली लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला बासष्टाव्या फेरीत, 1390 व्या क्रमांकावर घेतले, तेही व्यवस्थापक टॉमी लासोर्डा त्याच्या वडिलांचे मित्र होते म्हणून. पहिल्या बेसवरच्या या मुलाला कॅचर व्हायला सांगितले गेले. ते शिकण्यासाठी तो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या डॉजर्सच्या अकादमीत गेला आणि तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांत राहिला. 1993 मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि 2016 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

2019 मध्येही ड्राफ्ट चाळीस फेऱ्यांचा होता. 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे तो पाच फेऱ्यांवर आणला. 2021 पासून तो वीस फेऱ्यांचा झाला आणि तसाच राहिला. पेटिट आणि पोसादा या दोघांचीही नावे आजच्या ड्राफ्टमध्ये पुकारली गेली नसती. मागच्या फेऱ्यांत निवडलेली बरीच मुले सही न करता कॉलेजात जात, हे खरे आहे. ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या मुलाला क्लब नंतर करारात घेऊ शकतो, हेही खरे. पण घ्यायला जागा हवी. मायनर लीगचे संघ 2021 मध्ये 160 वरून 120 वर आणले गेले. 2024 पासून एका क्लबाला अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये ठेवता येणाऱ्या खेळाडूंची मर्यादा 180 वरून 165 वर आली. तीस क्लबांचा हिशेब केला तर 450 जागा एका रेघेसरशी गेल्या. त्या पियाझाच्या जागा होत्या, पोसादाच्या होत्या.

सध्याच्या काळातले उदाहरण हवे असेल तर बाल्टिमोर ओरिओल्सकडे पाहावे. 2021 मध्ये हा संघ 110 सामने हरला. 2023 मध्ये त्याच संघाने 101 जिंकले. विकत घेतलेल्या मोठ्या नावांच्या जोरावर हे झाले नाही. हरण्याच्या वर्षांत ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक मिळत गेले आणि क्लबाने त्यांची मशागत केली. 2019 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला कॅचर अ‍ॅडली रचमन आणि त्याच ड्राफ्टमध्ये बेचाळिसाव्या क्रमांकावर घेतलेला गनर हेंडरसन यांच्याभोवती हा संघ उभा राहिला. मुद्दाम हरून वरचे क्रमांक मिळवण्याची रीत आम्हांला मान्य नाही. तिकीट काढून येणाऱ्या माणसाशी तो अन्याय आहे. पण घडवण्याचे काम बाल्टिमोरने मन लावून केले, हे नाकारता येणार नाही.

2022 मध्ये त्यांनी ओक्लाहोमातल्या शाळेतून जॅक्सन हॉलिडेला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि करारावर 81 लाख 90 हजार डॉलर दिले. वडील मॅट हॉलिडे स्वतः मेजर लीगचे नावाजलेले फलंदाज. 2023 च्या एका हंगामात हा मुलगा डेलमार्व्हा, अ‍ॅबरडीन, बोवी आणि नॉरफोक अशा चारही पायऱ्या चढला. वय एकोणीस. 2024 च्या एप्रिलमध्ये त्याला बाल्टिमोरला बोलावले. दहा सामन्यांत 34 वेळा बॅटिंग करून त्याला फक्त दोन हिट मिळाले आणि 18 वेळा तो स्ट्राइकआउट झाला. त्याला नॉरफोकला परत पाठवले. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा आला आणि त्याच दिवशी त्याने मेजर लीगमधला आपला पहिला होमरन मारला, तोही बेस भरलेले असताना. सर्वात हुशार म्हणून निवडलेल्या, घरातच गुरू असलेल्या मुलालाही एक पायरी खाली उतरावे लागले. खाली उतरायला पायरी होती, म्हणून ते जमले.

तरी आमच्या मनात अधिक घर करून आहे तो सेड्रिक मलिन्स. 2015 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्पबेल विद्यापीठातून ओरिओल्सनी त्याला तेराव्या फेरीत घेतले. अंगाने लहान, पायांनी वेगवान. 2018 च्या ऑगस्टमध्ये तो बाल्टिमोरला आला, तेव्हा अनेक वर्षे सेंटर फील्ड सांभाळणारा अ‍ॅडम जोन्स स्वतः बाजूला सरकला आणि त्याने या मुलाला मधली जागा दिली. 2019 चा हंगाम सुरू झाला तेव्हा मलिन्स मुख्य संघात होता. 64 वेळा बॅटिंग, सहा हिट. एप्रिलमध्येच त्याला नॉरफोकला धाडले. तिथेही बॅट चालेना. जुलैत त्याला आणखी एक पायरी खाली, बोवीला, डबल-एमध्ये पाठवले. एका हंगामात मेजर लीगमधून दोन पायऱ्या उतरलेल्या तेराव्या फेरीच्या खेळाडूचे पुढे काय होते, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते.

मलिन्सची संपली नाही. बोवीत त्याला सूर सापडला. तो दोन्ही हातांनी फलंदाजी करणारा खेळाडू होता. 2021 पासून त्याने उजव्या हाताची फलंदाजी सोडली आणि डाव्या हातानेच खेळायचे ठरवले. त्याआधीच्या हिवाळ्यात क्रोन्स या आतड्याच्या आजारासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्या 2021 च्या हंगामात, संघ 110 सामने हरत असताना, मलिन्सने 30 होमरन मारले आणि 30 बेस चोरले. ओरिओल्सच्या इतिहासात एका हंगामात हे दोन्ही आधी कुणालाही साधले नव्हते. त्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात सेंटर फील्डला सुरुवातीपासून तोच उभा होता.

आता एक प्रश्न. बोवीला मलिन्स ज्या संघातून खेळला त्या संघातले बाकीचे कोण होते? हॉलिडे डेलमार्व्हात खेळला तेव्हा त्याच्या आजूबाजूला आणखी आठ जण मैदानात होते, समोर नऊ होते. त्यांतले बहुतेक मेजर लीग कधीच पाहणार नव्हते, आणि क्लबाला त्याचा अंदाजही होता. सामना खेळायला नऊ लागतात. पिचरला तालमीसाठी फलंदाज लागतो आणि फलंदाजाला पिचर. एका हॉलिडेला घडवायचे तर शेकडो मुलांची उमेदीची वर्षे त्याच्याभोवती खर्ची पडतात. या मुलांना क्लबांनी कित्येक दशके जे दिले ते शरमेचे आहे. 2021 पूर्वी सिंगल-एच्या खेळाडूला आठवड्याला किमान 290 डॉलर मिळत, आणि तेही हंगामाच्या जेमतेम पाच महिन्यांपुरते. वसंतातल्या सराव शिबिराचे काहीच नाही. मुले एका खोलीत पाच-सहा जण राहत, फुगवायच्या गाद्यांवर झोपत आणि हिवाळ्यात मिळेल ते काम करत. गॅरेट ब्रोशुइस नावाचा सॅन फ्रान्सिस्कोच्या मायनर लीगमधला पिचर खेळ संपल्यावर वकील झाला आणि 2014 मध्ये त्याने सहकाऱ्यांच्या वतीने किमान वेतनासाठी दावा गुदरला. उत्तर काय आले? 2018 मध्ये अमेरिकन काँग्रेसने दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घातले आणि मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून जवळपास वगळले. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या मालकांनी आठवड्याचे 290 डॉलर वाचवण्यासाठी संसदेचे दार ठोठावले, याहून लाजिरवाणे काही या खेळात घडलेले नाही.

तो दावा 2022 मध्ये 18 कोटी 50 लाख डॉलरवर मिटला. त्याच वर्षीपासून खेळाडूंच्या राहण्याची सोय करणे क्लबांवर बंधनकारक झाले. सप्टेंबरमध्ये पाच हजारांहून अधिक मायनर लीग खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत आले, आणि 2023 मध्ये इतिहासातला पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-एचे किमान वार्षिक वेतन 11 हजार डॉलरवरून 26,200 वर गेले, डबल-एचे 13,800 वरून 30,250 वर, ट्रिपल-एचे 17,500 वरून 35,800 वर. त्या वर्षी मेजर लीगमधला किमान पगार 7 लाख 20 हजार डॉलर होता. डबल-एच्या खेळाडूची मिळकत अजूनही त्याच्या चोविसाव्या हिश्शाच्या आसपास. तरी मुलाला रात्री झोपायला पलंग आणि सकाळी खायला धड अन्न मिळू लागले. हे व्हायला शंभर वर्षे लागावीत, याचे वाईट वाटते.

याच करारात मालकांनी 180 चे 165 करून घेतले. पगार वाढवू, पण माणसे कमी करू, असा तो सौदा होता. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कमी मुले असली की प्रत्येकाकडे जास्त लक्ष देता येते, आहार, व्यायाम, प्रशिक्षक चांगले देता येतात, आणि ज्याला संधीच नाही अशा मुलाची उमेदीची वर्षे वाया घालवू नयेत. शेवटचा मुद्दा दयेचा वाटतो. पण कुणाला संधी नाही हे ठरवणार कोण? तेराव्या फेरीचा, 64 मध्ये सहा हिट मिळालेला, बोवीला उतरलेला मलिन्स 2019 च्या जुलैत संधी असलेल्यांच्या यादीत होता का?

आता मोजमाप अचूक झाले आहे, असेही सांगतात. चेंडू किती फिरतो, बॅट किती वेगाने येते, पाय जमिनीवर किती जोराने पडतो, सारे यंत्रे टिपतात. हे खरे आहे. पण या यंत्रांनी निवडणे जितके सुधारले त्याहून अधिक शिकवणे सुधारले आहे. पूर्वी पिचरला नवा चेंडू शिकायला दोन हंगाम लागत. आता बोटांची पकड थोडी बदलली की चेंडू किती वळला हे त्याला तिथल्या तिथे पडद्यावर दिसते. फेलिक्स बाउटिस्टा या डॉमिनिकन पिचरला मायामीने 2015 मध्ये सोडून दिले होते. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने त्याला घेतले, सहा वर्षे शिकवले, आणि 2023 मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रिलीव्हर, म्हणजे सामना सुरू असताना येणारा बदली पिचर, ठरला. टाकून दिलेले रोप जगवण्याची विद्या आता हाती आली आहे. मग वाफे कमी का करायचे? ही विद्या नव्हती तेव्हा चाळीस फेऱ्यांचा ड्राफ्ट होता. आज ती आहे, तर वीस.

भारतातूनही दोन मुले या शिडीवर गेली होती. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांनी 2008 मध्ये वेगाने चेंडू फेकण्याची एक स्पर्धा गाजवली आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारात घेतले. त्यापूर्वी दोघांनीही बेसबॉल हातात धरला नव्हता. दिनेशला 2010 मध्ये सोडले. रिंकू सिंगल-एपर्यंत पोचला, पुढे दुखापतींनी त्याला थांबवले. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पण आम्हांला मोलाचे वाटते ते हे की, ज्या खेळाचा गंधही नव्हता तो शिकायला त्यांना फ्लोरिडात एक जागा मिळाली. आजच्या 165 च्या यादीत अशा दोन मुलांसाठी कोणता क्लब दोन ओळी मोकळ्या ठेवील?

मायनर लीगच्या संघांशी असलेले दहा वर्षांचे करार 2030 मध्ये संपतील. खेळाडूंचा करार त्याआधी, 2027 च्या हंगामापर्यंतच आहे. दोन्ही वेळी मालक पुन्हा कात्री हातात घेतील, अशी भीती आहे. खेळाडूंच्या संघटनेने पगाराइतकाच जागांचा आग्रह धरावा. 180 चा आकडा परत आणावा. ड्राफ्ट निदान तीस फेऱ्यांचा व्हावा. मागच्या दहा फेऱ्यांतल्या मुलांचा सारा खर्च एका मोठ्या खेळाडूच्या वर्षाच्या पगारातही भागू शकतो.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास हजारो मराठी कुटुंबे राहतात. 2020 पर्यंत यँकीजचा डबल-ए संघ ट्रेन्टनला होता. संघ कमी झाले तेव्हा तो तिथून गेला आणि त्याची जागा ब्रिजवॉटरच्या सॉमरसेट पेट्रिअट्सनी घेतली. मॉरिसटाउनच्या शाळेतला अँथनी व्होल्पी 2022 मध्ये याच मैदानावर खेळला आणि पुढच्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच दिवशी यँकी स्टेडियममध्ये शॉर्टस्टॉपला उभा राहिला. येत्या उन्हाळ्यात एखाद्या मंगळवारी संध्याकाळी मुलांना घेऊन तिथे जा. ज्याच्या नावाची चर्चा आहे त्याला पाहाच. पण नवव्या क्रमांकावर खेळायला येणाऱ्या, अठराव्या फेरीत निवडलेल्या मुलालाही लक्ष देऊन पाहा, आणि त्याच्या हातून चेंडू सुटला तर त्याला हिणवू नका.